थंडे वस्ताद

आगीचा एवढा राग असलेला बनेटीवाला मी दुसरा पाहिला नाही. बनेटी म्हणजे पुरुषभर उंचीची वेताची काठी, दोन्ही टोकांना कापडाचे घट्ट बांधलेले गोळे. ते रॉकेलात भिजवून पेटवायचे आणि काठी अशी गरगरा फिरवायची की माणसाच्या अंगाभोवती आगीची चाकं दिसावीत. उरुसात, मिरवणुकीत आपण सगळ्यांनी ती पाहिलेली असते. वस्ताद ती पेटवत नसत. एका गोळ्याला पांढरं आणि एकाला लाल फडकं गुंडाळून, भर दुपारच्या उन्हात, उदगीरच्या आठवडी बाजारात ते कोरडी बनेटी फिरवायचे. गावाने त्यांचं नाव थंडे वस्ताद ठेवलं. ठेवणाऱ्यांना तो टोमणा वाटत होता. वस्तादांनी तो किताब म्हणून घेतला आणि विषय मिटवला.

मी तेव्हा उदगीरला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो आणि एका आडत दुकानाच्या माडीवर भाड्याने राहायचो. वस्तादांची जागा त्या दुकानासमोर. आठवड्याचे सहा दिवस ते गाद्या पिंजायचे, बाजाराच्या दिवशी केसांतला कापूस झटकून काठी घेऊन यायचे. पहिल्याच महिन्यात मी खाली उतरून त्यांना विचारलं, पेटवत का नाही?

"पेटवल्यावर काय दिसतं, सर?"

"आग."

"अन् हात?"

वस्तादांनी काठीचं पांढरं टोक माझ्यापुढे धरलं.

"आगीत ऐब लपतो. गाढवाच्या शेपटीला बांधून फिरवली तरी चाकच दिसतंय. दिवसा फिरव म्हणावं, कोरडी. मनगट कुठं चुकलं ते पोरासोरालाही दिसतंय. ज्याला काही येत न्हाई, त्यानं पेटवावी."

त्यांना सतरा हात येत. हात म्हणजे काठी फिरवण्याची एकेक रीत, आणि प्रत्येकाला नाव होतं. सलामी, चक्की, नागमोड, कैची, उलटा चांद वगैरे. ते सुटे नव्हते. एक हात जिथे संपे, त्या मनगटाच्या वळणातूनच दुसरा निघे. काठी मध्ये कुठेही थांबत नसे. म्हणून मधला एक विसरला की पुढचे सगळे अडायचे. वस्तादांना हे त्यांच्या चुलत्याने शिकवलं होतं आणि चुलत्याला कुणी शिकवलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. वंशावळ सांगून छाती फुगवण्याची सोय असूनही त्यांनी ती कधी वापरली नाही. आमच्याकडे लोक याहून कमी भांडवलावर घराण्याचा इतिहास छापून घेतात.

प्रेक्षक फार नसायचे. ज्वारीचं पोतं उतरवून घेता घेता दहापाच जण बघत, आणि माडीवरून मी. दुकानाचे मालक अप्पा कपाळावर भस्माचे पट्टे ओढून गल्ल्यावर बसलेले असत. ते दर बाजाराला न चुकता ओरडायचे, "काय वो वस्ताद, रॉकेल संपलं काय? आमच्या इथलं घिऊन जावा!"

वस्ताद काठी न थांबवता म्हणायचे, "अप्पा, तुमचा तराजू पेटवून माल मोजता काय?"

अप्पांची या उत्तराविषयी तक्रार नसे. दुपारी ते वस्तादांना आत बोलावून चहा पाजत आणि पुढच्या बाजारासाठी तोच प्रश्न राखून ठेवत.

बाजारात दुसरेही खेळवाले येत. एक जण छातीवर ट्यूबलाइट फोडून घ्यायचा आणि उरलेल्या काचा चावून दाखवायचा. त्याच्याभोवती रस्ता बंद होईल एवढी गर्दी. वस्ताद म्हणाले, "भूक लागली असंल तर भाकर खावी माणसानं." दुसरा तोंडात रॉकेल धरून आगीचे लोट सोडायचा. त्याच्याविषयी, "तोंड बोलायला दिलंय. चूल हाय का ती?" पण पुढच्या बाजाराला त्याच माणसाचे ओठ भाजलेले दिसले, तेव्हा वस्तादांनी स्वतः त्याला लोणी आणून दिलं. लावताना शिव्या दिल्या, तेवढं सोडलं तर एक शब्द बोलले नाहीत.

त्यांच्या शेजारात राहून मलाही खोड लागली. भाषणाच्या सुरुवातीचा शेर, शालीवरची शाल, पुस्तकाच्या मागे छापलेली सात मोठ्यांची मतं, हे पाहिलं की मनगट कुठे आहे ते शोधावंसं वाटतं. एकदा मी त्यांना कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला नेलं. प्रमुख पाहुण्यांची एंट्री धुराच्या मशीनमधून होती. धूर पांगेपर्यंत पाहुणे खोकत उभे राहिले. वस्ताद माझ्याकडे वळून काळजीने म्हणाले, "कुणाचं काय जळालं, सर?"

त्यांना एकच घोर होता. हे सतरा हात कुणाला द्यायचे? स्वतःला मूल नव्हतं. भाचा शकील, तिशीतला, मोटारसायकलींच्या गॅरेजमध्ये कामाला, तेवढाच टिकला होता. रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर किल्ल्याच्या बाजूच्या माळावर ते त्याला शिकवत. मी फिरायला जायचो तेव्हा दोघे दिसत. "मनगट सोड, शकिल्या. काठीला जाऊ दे, तू कशाला ढकलून राहिलास?" शकीलचा हात चांगला होता. वस्ताद हे त्याच्या तोंडावर कधी बोलले नाहीत, मला मात्र दर आठवड्याला सांगत.

वर्षभरात शकीलला अकरा हात आले, मग चौदा. सगळे सतरा आले त्या महिन्यात त्याने गॅरेज सोडलं आणि इव्हेंटवाल्यांकडे लागला. लग्नात नवऱ्याच्या गाडीपुढे पेटती बनेटी फिरवायची. काळे कपडे, कपाळाला पट्टी.

"मामू, थंड्या बनेटीला कुणी बोलवत न्हाई," तो म्हणाला.

"मी कुणाच्या बोलावण्यानं फिरवतो रे?"

"तुमचं गादीवर भागतंय. माझं न्हाई भागत."

वस्तादांनी पिंजायला घेतलेली गादी पुढे ओढली.

नांदेडला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शकीलचा खेळ होता. त्याने हट्टाने मामाला नेलं, आणि मामाने हट्टाने मला. फलकावर 'भव्य' हा शब्द तीनदा होता. दिवस मावळायला खेळ सुरू झाला. ज्वाळा मोठ्या दिसाव्यात म्हणून शकीलने गोळे रॉकेलाऐवजी पेट्रोलात भिजवले होते. पेट्रोल भडकतं आणि तितक्याच घाईने संपतं. त्यातून पाहुणे उशिरा आल्यामुळे भिजलेले गोळे तासभर तसेच पडून राहिले होते. पहिला लोट मांडवाच्या झालरीपर्यंत गेला, शिट्ट्या वाजल्या, आणि शंभर मोजायच्या आत दोन्ही टोकं विझली.

शकील थांबला नाही. मांडवाच्या दिव्यांच्या लखलखाटात, विझलेल्या काठीने, त्याने सलामी घेतली. मग चक्की. मग नागमोड. वस्ताद खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते आणि पुटपुटत एकेक नाव घेत होते. मला त्यातलं फार कळतं असं नाही, पण एवढं कळलं की काठी आपणहून चालली होती आणि तो माणूस फक्त तिच्या वाटेतून बाजूला होत होता.

"बंद पडलं रे!" मागून कुणीतरी ओरडलं. "पेटव की!" डीजेवाल्याने गाणं थांबवलं. निवेदकाने तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. पाण्याची एक बाटली मंचावर येऊन पडली. शकील फिरवतच होता. आता तो लोकांकडे बघत नव्हता, मामाकडे बघत होता.

वस्ताद उठले. मला वाटलं, ते लोकांवर ओरडणार. ते मंचावर गेले आणि हात वर करून त्यांनी शकीलला थांबवलं. उलटा चांद चालू होता. अर्ध्यावर थांबला. वस्तादांनी कोपऱ्यातल्या डब्यात दोन्ही गोळे बुडवले, निथळू दिले, कुणाकडून तरी लायटर मागून घेतला आणि आधी एक टोक, मग दुसरं टोक स्वतःच्या हाताने पेटवलं. मैदानात एकच जल्लोष झाला. ते खाली येऊन बसले. हाताला पेट्रोलचा वास येत होता, तो त्यांनी धोतराला पुन्हा पुन्हा पुसला.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "वस्ताद, त्याला सगळे येतात."

"हाव. माझ्यापेक्षा चांगले." अर्ध्या वाटेवर त्यांनी विषय पुन्हा काढला. "बाटली मारत होते, सर. पोराला लागली असती."

त्यानंतर ते बाजारात आले नाहीत. अप्पांनी दोन-तीनदा विचारलं, मग तेही विसरले. शकीलला कशावरूनही बोलणं त्यांनी बंद केलं. तो कधी आला की जेवू घालत, हात भाजलाय का ते बघत. मी लातूरला बदलून आलो. दोन वर्षांनी पिंजण्याच्या धुळीने त्यांची छाती भरली आणि ते गेले. मला कळलं तोवर दफन होऊन चार दिवस झाले होते.

परवा लातूरला एका मंगल कार्यालयाबाहेर शकील भेटला. सकाळची वेळ, नवरदेवाची गाडी यायची होती. अंग सुटलं होतं, मिशीची एक बाजू भाजून विरळ झाली होती. "सर!" म्हणून पाया पडला. मामूची आठवण निघाली. डोळे पुसून म्हणाला, "थांबा, तुम्हाला दाखवतो," आणि कोरडी काठी घेऊन मोकळ्या जागेत उभा राहिला.

सलामी झाली. चक्की झाली. नागमोड जरा जड गेला. कैची झाली आणि काठी थांबली. त्याने पुन्हा सलामीपासून सुरुवात केली. पुन्हा कैचीपाशी थांबली. मनगट वळवून त्याने वेगवेगळ्या बाजूंनी काठी नेऊन पाहिली आणि ओशाळून हसला.

"आगीत चार हातांवर भागतंय, सर. बाकीचे लावायची वेळच येत न्हाई." मग भाबडेपणाने म्हणाला, "तुम्ही तर इतकी वर्षं दर बाजाराला माडीवरून बघायचात. कैचीनंतर हात कुठून निघतो?"

मी आठवून पाहिलं. मला वस्तादांची सगळी वाक्यं आठवली, तेवढीच.