ओट्यावरची डहाळी

"चावी गाडीमाच शे. लागनी ते ली जाय." आप्पांचं हे वाक्य म्हसावदमध्ये ऐकलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. कोणी जीप मागायला आला की आप्पा ओट्यावरून उठायचेसुद्धा नाहीत. हनुवटी जरा वर करून गाडीकडे दाखवायचे, झालं.

मागायलाही यायची गरज नव्हती. आप्पा घरी नसतील तर गाडी खुशाल न्यायची आणि ओट्यावर कडुनिंबाची एक डहाळी ठेवायची. डहाळी दिसली की गाडी कामाला गेली, हे आप्पांना कळे. कोणी नेली, हे ते विचारत नसत. गाडी परत यायची ती कधी हळदीचे हात उमटवून, कधी शेळ्यांचा वास घेऊन. एकदा मागच्या सीटवर कोणीतरी आठ-दहा भरताची वांगी ठेवून गेलं, तर आप्पा आठवडाभर सगळ्यांना विचारत फिरले, "वांगा कोन्हा शेत रे?" बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी सुरतेला. ओट्यावर डहाळी दिसली की त्यांना घरी कोणीतरी येऊन गेल्यासारखं वाटायचं. हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

मी गाड्यांची वायरिंग करतो. आप्पांच्या जीपला ती काळी डबी मीच बसवली. प्रवासी गाडीच्या कागदांना ती लागतेच, असा नवा नियम आला होता. गाडी कुठे आहे ते तिच्यामुळे मोबाइलवर दिसतं आणि तक्रार आली तर पोलीस बसल्या जागेवरून इंजिन बंद करू शकतात. मुलीच्या मोबाइलवर गाडी दिसेल अशी सोयही मीच करून दिली. "म्हणजे पोरले सुरतमा बसीसन मन्ही गाडी दिसई?" आप्पा खूश झाले होते.

सारंगखेड्याच्या यात्रेला आम्ही दोघं दरवर्षी माझ्या मोटारसायकलवर जायचो. आप्पा घोड्यांचे दात बघायचे, भाव करायचे, आणि घोडा न घेता परतायचे. त्या दिवशीही दुपारभर तेच चाललं होतं. गर्दीत, ढोलांच्या आवाजात खिशातला फोन वाजलेला त्यांना कळला नाही.

इकडे सायसिंगला निरोप आला होता, डोंगरातली त्याची आई शेवटच्या घटका मोजतेय. सायसिंग पावरा म्हणजे गावात वर्षानुवर्षं शेतमजुरी करणारा आदिवासी, आप्पांची जीप कितीदा तरी नेलेला माणूस. त्याने रीतीप्रमाणे डहाळी ठेवली आणि निघाला. सुरतेत आप्पांच्या मुलीला मोबाइलवर गाडी भलतीकडेच जाताना दिसली. बाप फोन उचलेना. बापाचं काही बरंवाईट झालं, या भीतीने तिने पोलिसांत फोन केला. डहाळी काही मोबाइलवर दिसत नाही.

चढाला लागायच्या आधीच जीप बंद पडली. सायसिंग चावी फिरवत राहिला. मग पोलीस आले. चावी गाडीतच असते, डहाळी ठेवून आलोय, असं तो सांगत होता. कोण ऐकतं? खरं सांगतो, सायसिंगच्या जागी माझ्यासारखा कोणी असता तर निदान एक फोन लावू दिला असता.

मुलीचे फोन आप्पांनी उशिरा बघितले, आम्ही चौकीत पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आप्पा म्हणाले, "गाडी मन्ही शे, माणूसबी मन्हा शे." साहेब तसे सभ्य होते. तक्रार आली, गाडी थांबली, यंत्रणेने काम चोख केलं, म्हणाले. आप्पांनी त्यांना एवढंच विचारलं, "गाडी थांबाडाना पह्यले त्याले कोणी इचारं का?"

सायसिंग पोचला तेव्हा आईची माती होऊन गेली होती.

मुलगी फोनवर रडली, तिला तरी काय बोलणार? आप्पा सायसिंगच्या दारी जाऊन बसून आले. तो काही वाईट बोलला नाही, चहा दिला. पण ओट्यावर पुन्हा डहाळी दिसली नाही. लोक बसने जाऊ लागले. आप्पा सकाळी उठून ओटा बघायचे, मग उगाच झाडायचे. मला फार वाईट वाटायचं.

एकदा दुकानात येऊन हळूच म्हणाले, "तोडी टाक ती वायर." मी म्हणालो, तोडली की वर लगेच कळतं आप्पा, तुमचे कागद जातील आणि माझं दुकानही.

"बरं," म्हणाले. पुन्हा विषय काढला नाही. दिवाळीनंतर मुलगी त्यांना सुरतेला घेऊन गेली. जीप माझ्या दुकानासमोर उभी आहे, चावी आतच.

परवा सायसिंग आला. बायको तापाने फणफणली होती. जीपकडे बघत त्याने विचारलं, "डबी शे का आजून?"

मी शे म्हणालो. पक्कड माझ्या हातातच होती. तो स्टँडकडे चालू लागला.

आप्पांचा फोन दर रविवारी येतो. तब्येतीचं काही सांगत नाहीत, एकच विचारतात. कालही विचारलं, "ओटावर डहाळी शे का रे?"

"नही, आप्पा."

"बरं," म्हणाले.