रंगाखालचा तडा

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. सिंदेवाहीजवळच्या जत्रेत आकाशपाळण्याचा दांडा तुटला आणि मासेमारी करणाऱ्या घरातली एक बाई खाली पडून जागीच गेली. मालकाची फिर्याद तयारच होती: चालकाने दारू पिऊन पाळणा सुसाट फिरवला. चालक कोठडीत आणि हे महाशय माझ्यासमोर चहा पीत बसलेले!

सकाळी चालकाची बायको ठाण्यात आली. "साहेब, तो तं माणसं बसवून राह्यला होता. पाळणा उभाच होता. काऊन त्याले धरलं?"

पाळण्याच्या रांगेतल्या दोघांनीही जबाबात तेच सांगितलं, तो प्यायलेला नव्हता हेही. उभा पाळणा तुटतो कसा? मी मुद्देमालातला दांडा मागवला. तुटलेल्या जागी अर्धं लोखंड चकचकीत होतं, उरलेल्या अर्ध्यात आतपर्यंत हिरवा रंग मुरला होता. म्हणजे तडा आधीचा, रंग नंतरचा.

जत्रेआधी पाळणा तपासणाऱ्या इंजिनिअरला बोलावलं. "एकही तडा नव्हता, साहेब. मी स्वतः तपासलं."

"मग इथेच करून दाखवा."

पंचांसमोर त्याच पाळण्याचा दुसरा दांडा ठेवला. पठ्ठ्याने रंगावरच लाल द्रव फवारला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. "बघा, काही नाही."

तंत्रनिकेतनातले एक प्राध्यापक मी बोलावून ठेवले होते. त्यांनी रंग खरवडला, लोखंड उघडं केलं आणि तीच तपासणी पुन्हा केली. पांढऱ्या पावडरीतून लाल रेघ हळूहळू वर आली. द्रव तड्यात शिरला तरच रेघ उमटते, आणि इथे तड्याचं तोंड रंगाने बुजलेलं होतं.

"रंग का नाही काढला?"

"मालक म्हणाले, नवा रंग खराब करू नका. जत्रेत लोक रंग पाहूनच बसतात."

अरे, मग तुला बोलावलं कशाला होतं? नारळ फोडायला?

दोघांना अटक केली. कोर्टात अहवाल देऊन चालकाला सोडवलं. "तुझा दोष नाही, जा घरी," मी म्हणालो. तो हललाच नाही.

"साहेब, तो रंग मीच मारला होता. मालक म्हणे, चांगला जाड मार. मी दोन हात मारले ना."

बायकोने दंडाला धरून त्याला बाहेर नेलं.

नोकरीत खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले, त्यांची एवढी चीड येत नाही. न पाहताच 'ठीक आहे' म्हणणाऱ्यांची येते. मालक आणि इंजिनिअर खटला संपेपर्यंत एकच घोकत होते, आम्हाला माहीत नव्हतं. ज्याला खरोखर माहीत नव्हतं, त्याने ते एकदाही म्हटलं नाही.