जीपचं मीटर आणि बेहालातला स्कॅन

बेहालातल्या त्या बाईंची आठवण झाली की सारी घटना जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते, आणि माझी मलाच लाज वाटते.

मी तेव्हा कोलकात्यात सायबर ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी शहराच्या बेहाला भागातल्या स्कॅन सेंटरच्या मालकाचा फोन आला. रुग्णांचे सगळे जुने स्कॅन संगणकावरून पुसले गेले होते. "आमच्या ऑपरेटरबाईंचंच काम. कालच त्यांना काढायची नोटीस दिली होती," तो म्हणाला.

बाई पन्नाशीच्या, बावीस वर्षं त्याच सेंटरमध्ये. मी दोन तास चौकशी केली. खोटं बोलणारा दर वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो. या एकच वाक्य सांगत राहिल्या, "स्यार, ईमेलने आलेली स्कॅनची फाइल मी उघडली, एवढंच." शेवटी रडू आवरत म्हणाल्या, "मला अटक झाली तर या शहरात मला कोण दारात उभं करील?"

तरीही मी अटकेचे कागद टाइप करायला सांगितले. लॉगिन त्यांचं, वेळ तीच, राग होताच. बेरीज जुळत होती!

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचा जबाब तेवढा राहिला होता. शहराच्या सॉल्ट लेक भागातून तो तरुण आला. जन्म कोलकात्यातला, घर मराठी. माझं आडनाव वाचून थेट म्हणाला, "काका, फाइल उघडल्याने अशी गडबड होऊ शकत नाही."

"काका घरी. इथे साहेब. बोल."

"फाइलच सांगते रुंदी किती, उंची किती. आम्ही गुणाकार करतो. उत्तर ठरल्या मर्यादेपेक्षा मोठं आलं तर फाइल घेत नाही."

तेवढ्यात ड्रायव्हर लॉगबुक सहीला घेऊन आला. आमच्या खटारा जीपचं मीटर पाच आकडी. "साहब, गाडी फिर से नई हो गई," तो हसत म्हणाला. काल नव्व्याण्णव हजार नऊशेच्या पुढे होती, आज पाचही घरं फिरून शून्यावरून सुरू, मीटरवर बारा किलोमीटर.

मी सही केली. पोरगा मात्र लॉगबुककडे बघतच राहिला. "काका... साहेब, आमचं मीटरपण फिरलं असेल!"

फाइल तपासली. रुंदी-उंची मुद्दाम अवाढव्य लिहिलेली. गुणाकार संगणकाच्या ठरलेल्या घरांत मावेना, म्हणून उत्तर फिरून चिमुकलं झालं आणि तपासणीतून सुटलं. प्रोग्रामने जागा ठेवली चिमुकली, त्यात ओतला सगळा माल. बाहेर सांडलेल्या भागात स्कॅन पुसायचा हुकूम लपवलेला होता, तो संगणकाने बाईंच्याच लॉगिनखाली पाळला.

अटकेचे कागद मी बाईंसमोर फाडले आणि हात जोडून माफी मागितली. फाइल पाठवणारा, मालकाने पूर्वी हाकललेला तंत्रज्ञ, पंधरा दिवसांत सापडला. बाईंची नोटीसही मालकाने मुकाट्याने मागे घेतली.

पोराने दुरुस्ती केली ती मला समजावूनही सांगितली. आता गुणाकार नंतर. आधी मर्यादेला रुंदीने भागायचं. उंची त्याहून जास्त निघाली तर फाइल परत. मला आठवली माझी बेरीज. मीही मालकाचे शब्द न तपासताच आधी बेरजेत धरले होते आणि तपासायला बसलो ते उत्तर. पुढे एकाही आरोपीच्या बाबतीत मी तसं केलं नाही.

निवृत्तीनंतर गुडघ्याच्या स्कॅनसाठी त्याच सेंटरमध्ये गेलो. बाई संगणकाशीच होत्या. बाहेरून आणलेला माझा जुना स्कॅन त्यांनी लावला, तर पडद्यावर आलं, 'आकार अमान्य. फाइल स्वीकारली नाही.'

"स्यार," बाई खळखळून हसल्या, "आज तुमच्यावर संशय आहे. बसा, चहा घ्या, आधी तपासून बघते."