शिमग्यात साखर उतरली तेव्हा

शिमग्यात पालखी दारात येईपर्यंत घरच्या कर्त्या पुरुषाने तोंडात काही घालायचं नाही, ही आमच्या वाडीची रीत. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाकडे चढायला लागलं की डाव्या हाताला वर आमची वाडी. पालखी खालच्या घरांपासून निघते, प्रत्येक अंगणात नाचते, आणि आमच्या टोकाच्या घरी यायला दुपार टळते. तोवर आमचे हे उपाशी. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. पण तेव्हा यांना साखर नव्हती.

साखर लागली ती बाटलीतल्या गोड थंड्याने, असं मी डॉक्टरांच्या आधीपासून म्हणत होते. हे घाटात जीप चालवायचे. महाबळेश्वरची माणसं न्यायची-आणायची आणि प्रत्येक खेपेला टपरीवर एक बाटली रिकामी करायची. साधं पाणी पिताना मी यांना क्वचितच पाहिलं. मी बोलले की म्हणायचे, "दारू तर पीत नाय ना?" म्हणजे माझ्यावर उपकारच. महाडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, आजार घराण्यात आहेच, पण रोजच्या त्या बाटल्यांनी तुम्ही तो लवकर ओढवून घेतलात. गोळ्या सुरू झाल्या. निघताना त्यांनी मला वेगळं बजावलं. गोळी घेऊन उपाशी राहिले तर साखर एकदम उतरेल. घाम सुटेल, हात कापतील, भलतंच बोलतील. तेव्हा लगेच गोड द्यायचं, साखरपाणी म्हणा, थंडा म्हणा, जे हाताशी असेल ते. उशीर केलात तर माणूस हातचा जाईल.

त्या शिमग्याच्या सकाळी मी म्हटलं, "चार घास खावा, देव काय रागवायचा नाय." यांनी घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळली आणि म्हणाले, "औषध चालतं. खाणं नाय चालत." मी म्हटलं, मग गोळी तरी कशाला घेतलीत? तर म्हणे डॉक्टरांनी चुकवू नका सांगितलंय. डॉक्टरांचं अर्धं ऐकायचं आणि रीतीचं पूर्ण. भांडून थकले आणि चुलीकडे गेले, पण जिवाला घोर लागला तो लागलाच.

दुपारी ढोल जवळ आला. हे पालखीला खांदा देऊन नाचत वर आले. अंगणात पालखी टेकली आणि हे उभ्या उभ्या थरथरायला लागले. सदरा घामाने चिंब, नजर भलतीकडेच. कुणीतरी म्हणालं, "आलं. अंगात आलं." झालं. ढोल आणखी वाढला आणि माणसं यांच्या पाया पडायला लागली. आमच्या चुलत सासूबाई, त्यांना सगळे काकी म्हणतात, वाडीतल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी यांच्या पायावर डोकं ठेवलं. "देवा, काय चुकलं आमचं?"

"गोड," हे जड जिभेने म्हणाले. "गोड दे."

"देऊ देवा. फुडल्या साली पुरणाचा निवद देऊ."

फुडल्या साली. मी ओरडले, "अवो, देव नाय तो, साखर उतरलीय यांची." त्या ढोलात कोण ऐकतंय? एकाने तर मला बाजूलाच केलं, वहिनी, आता शिवू नका म्हणून. मी पडवीत पळाले. पालखीबरोबरच्या माणसांना द्यायला मुलाने मुंबईहून थंड्याच्या बाटल्या आणल्या होत्या. एक उघडली, गर्दीत घुसले आणि पेला यांच्या ओठांना लावला. सगळा प्याले. देवाने थंडा घेतला म्हणून लोक खूश. मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता ओळखतील, आता भानावर येतील. दुसरा पेला पाजला. काही फरक नाही. उलट हे खांबाला टेकून हळूहळू खाली घसरायला लागले.

तेवढ्यात मुलगा ढोल सोडून धावत आला. माझ्या हातातली बाटली बघून त्याचा चेहरा उतरला. "आई, यात साखर नाय. बाबांना पण पिता यावा म्हणून बिनसाखरेचा आणला."

"अरे, मी चाखलाय. गोड हाय."

"गोड लागतो गो. पण साखर नाय त्यात."

असलं गोड ज्याने काढलं त्याला माझ्यासमोर उभा करा. जिभेला फसवता येतं, रक्ताला कसं फसवणार? आणि घरात साखरेचा कण नव्हता. यांच्या हाताला लागू नये म्हणून आणतच नव्हतो. चहात बारीक पांढऱ्या टिकल्या टाकायचो, त्याही तसल्याच, नुसत्या गोड.

पालखीपुढच्या ताटात गूळखोबरं होतं. मी हात घातला तसं कुणीतरी माझं मनगट धरलं. निवद दाखवायचा राहिला होता, देवाच्या आधी त्याला हात लावायचा नसतो. मी शिव्या दिल्या. पालखीसमोर, जेवढ्या येत होत्या तेवढ्या सगळ्या. काकींनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. वाकून त्यांनी ताटातला गुळाचा खडा उचलला.

"ह्यो देव असंल तर ताट त्याचंच हाय," त्या म्हणाल्या. "माणूस असंल तर वाचंल. सोडा तिला."

मी गूळ थोड्या पाण्यात कालवला आणि बोटाने यांच्या गालात आतून चोळत राहिले. ढोल थांबला होता. मुलगा जीप काढायला गेला. मी रडत होते आणि तोंडाने यांना वाट्टेल ते बोलत होते. मला वाटलं, संपलं. मग यांचा गळा हलला. गिळलं. आणखी थोडं दिलं, तेही गिळलं. बऱ्याच वेळाने नजर माझ्यावर येऊन थांबली. "रडतेस कशाला गो?" म्हणाले.

महाडला डॉक्टरांनी सलाईन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं आणि आम्हा तिघांनाही झाप झाप झापलं. उपास करायचा असेल तर गोळीचं आधी मला विचारायचं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलगा जीप चालवत होता, आम्ही दोघं मागे. यांना काहीच आठवत नव्हतं. मुलाने सगळं सांगितलं. ऐकून हे जरा फुशारले.

"सगळी वाडी पाया पडत होती?"

माझं डोकंच फिरलं. "पडत होती. आणि तुम्ही गेला असतात तर तीच माणसं पालखी खाली ठेवून तुम्हाला उचलणार होती."

पोलादपूर मागे पडलं, गाडी घाटाला लागली. मुलासमोर कधी धरत नाहीत, पण तेव्हा यांनी माझा हात धरला.

"फुडल्या शिमग्याला मी भाकरी खाऊन पालखी घेईन," म्हणाले. "वाडीला काय बोलायचं ते बोलू दे."