शाळेचा कौल आणि ओढ्यावरचा साकव

आमचं गाव केडगाव आणि दौंडच्या मधलं. मधून ओढा जातो. अलीकडे गावठाण, चावडी, भैरवनाथाचं देऊळ आणि आम्हा ख्रिस्ती माणसांची पाच घरं; पलीकडे मळे आणि वस्त्या. एरवी ओढ्यात घोटाभरही पाणी नसतं. श्रावण-भाद्रपदात मात्र वरून लोंढा आला की कोणी कोणाकडे जात नाही. मी इथल्या प्राथमिक शाळेत मास्तर आहे. केडगावच्या मिशनमध्ये शिकलो म्हणून इंग्रजी येतं, आणि त्यामुळेच सहा-सात वर्षांपूर्वी एका आयरिश प्राध्यापकांचा दुभाषी झालो.

ते पहिल्यांदा चावडीवर आले तेव्हा गावातले वडीलधारे आबा, ज्यांचा शब्द पंचायतीत चाले, त्यांनी मला विचारलं, "आयरिश म्हंजी इंग्रजच की?"

"नाही आबा. त्यांच्यावरही इंग्रजांचंच राज्य होतं."

"मग आपल्यातलाच हाय. चहा सांगा."

प्राध्यापकांचं शिक्षण गणिताचं. युद्धाच्या काळात जहाजांचे ताफे कोणत्या वाटेनं न्यावेत, याचा हिशेब करणाऱ्या लोकांत त्यांनी काम केलं होतं. सगळे आकडे समोर असूनही निर्णय घेणारा माणूस भलत्याच गोष्टीवर निर्णय घेतो, हे तिथं पाहिलं, असं ते सांगत. युद्ध संपल्यावर त्यांनी तोच विषय धरला: पुढचं काही दिसत नसताना माणसं निर्णय कसा घेतात. त्यांच्या विद्यापीठात या विषयाला जागा नव्हती. दिवसा गणित शिकवायचं आणि उरलेल्या वेळात हा अभ्यास करायचा, असं त्यांनी जवळजवळ वीस वर्षं केलं. वर्षभरासाठी पुण्याला शिकवायला आले असताना तिकडे या विषयाचा पहिला विभागप्रमुख नेमायचं ठरलं. निवड मे महिन्यात होती आणि उमेदवारानं समक्ष हजर राहायचं होतं. ही जागा आपल्याला मिळेल असं त्यांना वाटत होतं, आणि दुसरी निघायची नाही हेही माहीत होतं.

सुट्टीच्या दिवसांत ते कौल पाहत हिंडत. शिरूरकडची तीन देवळं पाहून आमच्याकडे आले. कौल म्हणजे गुरवानं देवाच्या दगडी मुखवट्यावर ओल्या हातानं दोन कळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार. शेत विकावं का, सोयरीक करावी का, असले प्रश्न. आमच्या घरांत कौल नाही. पण गावात दिलेला कौल कोणी मोडल्याचं मी पाहिलेलं नाही.

त्याच हिवाळ्यात गावात नव्या शाळेचं चाललं होतं. शाळा चावडीत भरायची, एका बाजूला मुलं आणि दुसऱ्या बाजूला तंटे. सरकारी मंजुरी आली, आता श्रमदानानं इमारत बांधायची होती. जागा अलीकडे की पलीकडे यावर दोन महिने वाद झाला. शेवटी प्राध्यापकांना विचारलं. त्यांनी आणि मी साखळी धरून अंतरं मोजली, कोणत्या घरातून किती मुलं येतात ते मांडलं. मुलं अलीकडे जास्त होती आणि मुली तर दुपटीनं. सभेत हात वर झाले आणि अलीकडची जागा ठरली. जमीन आबांनी दिली.

चैत्रात यात्रा झाल्यावर प्राध्यापक गुरवाला म्हणाले, मला एकदा कौल लावून दाखवा. त्यांचा कयास असा, की मुखवटा उजवीकडे जरासा झुकलेला आहे, म्हणून होकार जास्त येत असतील. त्यांना पुन्हा पुन्हा लावून मोजायचं होतं.

गुरव म्हणाला, "तेच तेच देवाला इचारायचं न्हाई. एकदा लावू. पण काय इचारू? फुकाचं बोलणं देवाम्होरं चालत न्हाई."

प्राध्यापकांनी थोडा विचार केला. ज्याचा निकाल आधीच लागला आहे असा प्रश्न घेतला म्हणजे कोणाचं काही बिघडणार नाही, हे त्यांचं गणित. ते म्हणाले, "शाळा ओढ्यापलीकडे बांधावी का, असं विचारा." मी ते मराठीत सांगितलं. देवळात गुरवाशिवाय चार म्हातारी माणसं होती.

उजवी कळी पडली.

प्राध्यापकांनी मान हलवली आणि आभार मानले. ती चार म्हातारी माणसं उठून चावडीकडे निघाली. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं की देवानं शाळा पलीकडे सांगितली.

दुसऱ्या दिवशी सभा बसली. प्राध्यापक उभे राहिले आणि माझ्या तोंडून म्हणाले, "प्रश्न माझा होता. गावाचा नव्हता. मी फक्त पाहत होतो."

आबा शांतपणे म्हणाले, "तोंड कुणाचं का असंना साहेब. इचारलं ते गावच्याच साळंचं ना?"

"पण निर्णय झाला होता!"

"झाला हुता. मग परत इचारायची गरज का पडली?"

मागून एका तरुणानं टोमणा मारला, "इंग्रज जाऊन पंधरा वर्सं झाली. आता त्यांचे शेजारी येऊन साळा हलिवत्यात." लोक हसले. प्राध्यापकांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. ते हसले नाहीत.

घरी बायको म्हणाली, "शाळा तिकडे गेली तर पावसाळ्यात पोरींना कोण पाठवील?" आमची मुलगी त्या जूनमध्ये दुसरीत जाणार होती. मी म्हणालो, तिला मी खांद्यावर नेईन. "आणि बाकीच्यांना? दोन महिने घरी बसलेली पोरगी परत शाळेत येते का? तुम्हीच सांगा, मास्तर." मला उत्तर ठाऊक होतं. येत नाही.

चावडीवर मी काय बोलणार? रविवारी केडगावला प्रार्थनेला जाणारा माणूस मी. भैरवनाथाच्या कौलावर माझा शब्द चालला नसता आणि चालू नये हेही मला मान्य होतं.

वाट आबांनीच काढली. त्यांची दिलेली जमीन परत आली होती, पण शाळेत जाणाऱ्या त्यांच्या नातीही अलीकडेच राहत होत्या. ते म्हणाले, "साळा तिकडं. ठरलं. आता पोरींना वलांडायला वड्यावर साकव घालू." कोणीतरी म्हणालं, त्याचाबी कौल लावू. आबा एकदम कडाडले, "न्हाई! देवानं साळंचं सांगितलं. साकवाचं आपण इचारलेलं न्हाई, आन् इचारायचं बी न्हाई."

प्राध्यापकांनी हे वाक्य माझ्याकडून दोनदा समजून घेतलं.

दौंडला रेल्वेच्या आवारात जुने रूळ आणि रुळांखालचे लाकडी स्लीपर पडलेले असत. ते मिळाले तर साकव होणार होता. गावच्या अर्जावर तिथला साहेब "पाहू" म्हणाला. प्राध्यापक स्वतः गेले तर बसायला खुर्ची मिळे आणि कामाला निदान पुढची तारीख तरी मिळे. एप्रिल संपत आला. मुंबईहून त्यांची बोट मेच्या पहिल्या आठवड्यात होती.

आबा म्हणाले, "तुम्ही जावा साहेब. आमचं आमी बघू."

मीही बोललो. त्यांच्याच पद्धतीनं मांडून दाखवलं. एका बाजूला वीस वर्षांचं काम आणि पुन्हा न निघणारी जागा. दुसऱ्या बाजूला ते गेल्यावर रूळ मिळण्याची शक्यता, जी कमी झाली असती, पण शून्य नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मांडणी बरोबर आहे." मग टोपी उचलली आणि दौंडच्या गाडीसाठी चालू लागले.

बोट त्यांच्याविना गेली. मे सरता सरता रूळ मिळाले. बैलगाड्यांनी आणले. खांब दगडी बांधले, त्यावर रूळ, त्यावर स्लीपर, एका बाजूला कठडा. टोमणा मारणारा तो तरुण सगळ्यात जास्त खपला. जूनमध्ये पलीकडे नुसत्या भिंती आणि पत्रे होते, तरी शाळा तिथं सुरू झाली. पहिल्या दिवशी अलीकडच्या मुली एकमेकींचे हात धरून साकवावरून गेल्या. प्राध्यापक ओढ्याच्या काठावर उभे होते. तिथंच त्यांनी मला सांगितलं की तिकडे दुसऱ्याची निवड झाली.

आबांनी विचारलं, "काय म्हणत्यात?" मी सांगितलं. आबा म्हणाले, "त्यास्नी म्हणावं, हितंच ऱ्हावा. चौथीला गणित शिकवा." प्राध्यापक हसले. त्या उन्हाळ्यात मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं.

कौलाबद्दल त्यांनी काही छापलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, ज्याचं उत्तर पाळायची माझी तयारी नव्हती, तो प्रश्न मी विचारला. त्यावर शास्त्र उभं राहत नाही. आता ते आपल्या देशात एका लहान कॉलेजात गणितच शिकवतात. नाताळला त्यांचं कार्ड येतं. त्यात प्रकृतीची चौकशी असते आणि एक प्रश्न दर वर्षी तोच असतो: मुली ओढा ओलांडतात ना?

यंदा भाद्रपदात पाणी कठड्याला लागलं. वरचे काही स्लीपर वाहून गेले. सकाळी मी पोचलो तर अलीकडची माणसं नवे ठोकत होती. सभा कोणी बोलावली नव्हती. थोड्या वेळानं मुली पलीकडे गेल्या, एकही मागे राहिली नाही. प्राध्यापकांना तेवढंच कळवलं आहे.