वर्ध्यावरून लावून दे

टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रंक बोर्डावर बसले तेव्हा मी जेमतेम बाविशीची होते. नागपूरहून कुठला कॉल कुठल्या रस्त्यानं न्यायचा, हे मला छापील चार्टानं मुळीच शिकवलं नाही. शिकवलं ते दुपारच्या गप्पांनी. जेवणं झाली की बोर्ड थंड पडायचा. मग आम्ही ऑपरेटर बायका वर्ध्याच्या, यवतमाळच्या, अमरावतीच्या ऑपरेटर बायकांशी लाइनवर बोलत बसायचो. एकमेकींची तोंडं कधी पाहिली नव्हती, पण कुणाला दिवस गेलेत, कुणाची सासू खाष्ट आहे, सगळं ठाऊक! त्यातूनच कामाचंही निघायचं. वारा सुटला की यवतमाळची सरळ लाइन मरते, तेव्हा वर्ध्याला म्हणायचं, तुझ्यावरून लावून दे. पुसदच्या पोस्टातला शिपाई सायकलनं जाऊन माणूस बोलावून आणतो, फक्त त्याच्याशी गोड बोलायचं. हे कुठल्या चार्टात छापलं होतं, सांगा बरं.

हे सगळं मला शिकवलं शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं. ती माहेरची पुसदची. बोलायची फटकळ, पण डब्यातला घास काढून द्यायची.

मग गांधीबागेतल्या एका कापडवाल्यानं तक्रार केली. मी सुरतच्या कॉलसाठी ताटकळतो आणि तुमच्या बाया अंबाडीच्या भाजीवर बोलतात, असं त्याचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. आमच्यात एक होतीच तशी. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. नवे साहेब आले, लाइनवर कुणीतरी ऐकत बसू लागलं, मेमो निघू लागले. दुसऱ्या गावच्या ऑपरेटरशी नंबराखेरीज अक्षर बोलायचं नाही. चार्टाबाहेरच्या रस्त्यानं कॉल लावायचा तर साहेबांची परवानगी घ्यायची. सगळ्या एक्स्चेंजांना तोच हुकूम. शिस्त आली म्हणे. कसली डोंबलाची शिस्त! वर्ध्याच्या जुन्या बाया बदलून गेल्या, नव्या आल्या, आणि त्या कोण, कुठल्या, आम्हाला काही कळलं नाही. त्यांना कुणी काही सांगेना आणि त्या विचारीनात.

अशात एका सकाळी माझ्या या बोर्डावरच्या शेजारणीला भावाची तार आली. माय सिरियस, एवढंच. पुसदला जड पेशंट ठेवून घेत नाहीत, नागपूरला हलवतात, हे तिला माहीत होतं. म्हणून निघण्याआधी तिला एकच विचारायचं होतं, माय तिकडेच आहे की इकडे आणून राहिले? नेमकी यवतमाळची लाइन मेलेली. साहेब मीटिंगला गेलेले. ती रजेचा अर्ज लिहीत होती, म्हणून वर्धा मीच लावलं. आवाज नवा होता, कोवळा. पुसदचं पोस्ट जोडून दे म्हटलं, तर तिनं साहेबांची परवानगी आहे का, विचारलं.

"हिची माय आहे वं," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "नियमात नाही बाई. मले मेमो भेटन."

रागावू तरी कुणावर? ती पोरगी आम्हाला ओळखतच नव्हती. जुनी कुणी असती तर मी "हिची" म्हणायच्या आत कॉल लागला असता.

शेजारणीनं दुपारपर्यंत साहेबांची वाट पाहिली आणि पुसदची एसटी धरली. तासा-दोन तासांत तिचा भाऊ एक्स्चेंजच्या दारात उभा. मायला जीपनं आणलंय, सरकारी दवाखान्यात टाकलंय, ताई कुठे आहे म्हणून विचारू लागला. ती पुसदला निघाली, मी सांगितलं. मी तशीच त्याच्यासोबत गेले. म्हातारी शुद्धीवर होती. दार वाजलं की मान वळवायची. पोरगी आली का, असं तिनं मलाच विचारलं. येऊन राहिली, मी म्हटलं. दिवेलागणीला म्हातारी गेली. तेव्हा तिची लेक एसटीत बसून पुसदकडे चालली होती.

तेरावं उरकून शेजारीण कामावर आली. दुपारी बोर्ड थंड होता. तिच्यापुढे वर्ध्याचा दिवा लागला. तिनं दोरीची पिन त्याच्या भोकात लावली, ऐकलं, आणि मलाही ऐकू यावं म्हणून हेडफोन कानापासून जरा लांब धरला. तीच पोरगी होती. आपण कुणाशी बोलतोय हे तिला ठाऊक नव्हतं. दबक्या आवाजात विचारत होती, त्या दिवशीच्या बाईची माय बरी आहे का?

शेजारणीनं पेन्सिल उचलली. मग म्हणाली, "ते नियमात नाही वं. नंबर सांग."