पाइपात सात, आठवी नाही

मनीषनगरातल्या त्या नव्या इमारतीवर जिजाबाई भोयर यांना सगळे ‘वायरवाली बाई’ म्हणत. ज्याला या नावाचं हसू येई, त्याने बाईंचं काम अजून पाहिलेलं नाही असं खुशाल समजावं. काटोलकडच्या जिजाबाई लग्नानंतर नागपुरात आल्या आणि दुसऱ्याच महिन्यात डोक्यावर घमेलं घेऊन बांधकामावर उभ्या राहिल्या. चार वर्षांनी बळीराम नावाच्या वायरमनने त्यांना पाइप धरायला बोलावलं. धरता धरता त्या पाइप टाकायला शिकल्या, मग वायर ओढायला, आणि अडतिसाव्या वर्षी परीक्षा देऊन त्यांनी चक्क वायरमनचा परवाना काढला.

बळीरामची शाळा सोपी होती. वायर पाइपात जाते ना, मग झालं. जात नसेल तर साबण लावायचा. जिजाबाईंनीही कितीतरी वर्षं साबण लावून वायरी कोंबल्या. मग एका मे महिन्यात त्यांनीच भरलेल्या एका पाइपातल्या वायरी तापून एकमेकींना चिकटल्या. घरभर जळका वास, आणि घरची सून तान्ह्या लेकराला घेऊन जिन्यात उभी. कोणाला काही झालं नाही, पण नव्या वायरींसाठी त्या घराचं छत फोडताना जिजाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून बाईंनी साबण सोडला आणि गणित धरलं. पाइपाच्या पोटाचे शंभर भाग केले तर वायरींना द्यायचे फक्त चाळीस. उरलेली जागा वाया नसते, वायरी त्याच जागेवर थंड राहतात.

हे गणित चौथ्या मजल्याचा स्लॅब टाकायच्या सकाळी कामी आलं. बिल्डरने ऐन वेळी ठरवलं की प्रत्येक फ्लॅटच्या मागच्या दोनच नव्हे, चारही खोल्यांत एसी बसेल अशी सोय हवी. एका एसीला तीन वायरी, म्हणजे सहाच्या झाल्या बारा. सळयांच्या जाळीत पाइप मात्र फ्लॅटमागे एकच बांधलेला. खाली काँक्रीटच्या गाड्या येऊन उभ्या होत्या. एकदा स्लॅब पडला की पाइप बदलायला देवही येत नाही.

“साहेब, हा पाइप बारा वायरी नाही घेत,” जिजाबाई इंजिनीअर पियुषला म्हणाल्या. “प्रत्येक फ्लॅटमंधी अजून एक टाकावा लागते.”

पियुष हुशार होता, फक्त घाईत होता. त्याने मोबाइल काढला. “मावशी, बॉक्सवर पाहा ना. चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर हाय. बारा चोक अठ्ठेचाळीस. पाइपाचं पोट दोनशे सत्तावीस. पाव भागही नाही भरून राहिला. काहून अडवता?”

तेवढ्यात ठेकेदार कृष्णकांत धापा टाकत वर आला. “जिजाबाई, गाडीतला माल घट्ट होऊन राहिला. थांबवतो मी, पण तुमचं चुकलं तर उद्यापासून या साइटवर येऊ नका. आताच सांगून ठेवतो.”

वरचे सहा मजले म्हणजे वर्षभराचं काम. जिजाबाई गप्प बसल्या असत्या तर कोणी त्यांना बोल लावला नसता. पण जिन्यात उभी असलेली ती सून काही डोळ्यांपुढून हटेना.

जाडी मोजायचं साधन जवळ नव्हतं. मग बाईंनी वायरीचे दहा तुकडे कापले, सळयांखालच्या प्लायवुडवर एकमेकांना घट्ट चिकटवून मांडले आणि वर आडवा टेप धरला. चाळीस मिलिमीटर भरले.

“दहाचे चाळीस, म्हंजे एक वायर चार मिलिमीटर जाड,” त्या म्हणाल्या. “बॉक्सवरचे चार नुसत्या तांब्याचे हायेत, साहेब. वरचं प्लास्टिक काय पाइपाच्या तोंडाशी उतरवून ठेवते का?”

मार्करने त्यांनी प्लायवरच मांडलं. जाडीचं अर्धं दोन, दोन दुणे चार, गुणिले तीन पूर्णांक चौदा शतांश. एका वायरीला साडेबारा, बारा वायरींना दीडशे. आणि पाइपात परवानगी शंभरात चाळीसची, म्हणजे दोनशे सत्ताविसात नव्वदची. “नव्वदात सात बसतात,” बाई म्हणाल्या. “आठवी नाही.”

पियुषने पुन्हा आकडे दाबले. मोबाइल खिशात घालून तो कृष्णकांतकडे वळला. म्हणाला, “सर, चुकलं माझंच. सहासष्ट टक्के भरून राहिला. मावशींचं बरोबर हाय.” असं चारचौघांत कबूल करायला छाती लागते, हे इथे सांगायलाच हवं.

पुढचा पाऊण तास जिजाबाईंचे हात यंत्रासारखे चालले. मजल्यावरच्या चारही फ्लॅटमध्ये त्यांनी दुसरा पाइप टाकला, सळीला तारेने बांधला, काँक्रीट शिरू नये म्हणून तोंडं टेपने बंद केली. आता एका पाइपात सहाच वायरी जाणार होत्या. पियुष गुडघ्यांवर बसून पाइप धरत होता.

काँक्रीट वर चढवणारा पंपवाला तयार झाला आणि सवयीने त्याने कृष्णकांतकडे पाहिलं. कृष्णकांतने मान हलवली नाही.

“माह्याकडे काय पाहतो गा? बाईंले विचार. वरचे सहाही स्लॅब त्यांनी हो म्हटल्याबिगर पडणार नाही.”

सगळा मजला जिजाबाईंकडे पाहत थांबला. त्यांनी शेवटची गाठ ओढून तपासली, सावकाश उठून पदर खोचला आणि पंपवाल्याला सांगितलं, “टाक आता.”